पंपाचा हादरा आणि त्यावर जुळविलेला कंपशोषक

विहिरीवरील पंप चालू झाला कीं पायांखालचा गर्डर थरथरूं लागतो, हा अनुभव आमच्या बहुतेक बागाईतदार वाचकांस आहे. यंत्र म्हटलें कीं थोडी थरथर असावयाचीच, असें म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतों. पुष्कळ वेळां तें चालूनहि जातें. परंतु कांहीं ठिकाणीं ही थरथर इतकी वाढते कीं नट ढिले होतात, बेअरिंगें घांसतात, नळाचे सांधे गळूं लागतात व विहिरीच्या बांधकामांतील दगडहि सैल होतात. अशा वेळीं यंत्राची मोडतोड दुरुस्त करीत बसण्यापेक्षां हादऱ्याचें मूळ पाहणें अधिक शहाणपणाचें ठरतें. त्या मुळाचा व त्यावरील एका स्वस्त उपायाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

गेल्या रब्बींत आमच्या एका सभासदाच्या मळ्यांत असाच प्रकार घडला. चौकोनी विहिरीच्या कोपऱ्यांत, काठापासून बरेंच खालीं, १०० मि. मी. उंचीचे दोन गर्डर ३ मीटरच्या गाळ्यांत टाकून त्यांवर ५ अश्वशक्तीचा मोनोब्लॉक पंप बसविलेला होता. पंप इतका खालीं नेण्याचें कारण उघड आहे. हवेच्या दाबानें पाणी नळींत फार तर १० मीटर चढतें, व प्रत्यक्षांत पंपाची ओढ ६-७ मीटरांपलीकडे भरंवशाची राहत नाहीं. म्हणून खोल विहिरींत पंपालाच पाण्याजवळ जावें लागतें. या पंपाचीं बेअरिंगें एकाच हंगामांत दोनदां बदलावीं लागलीं. शेवटीं चढत्या नळाचा फ्लँज तडकला, आणि गहूं पोटरींत असतां चार दिवस पाणी अडलें. पोटरींतील गव्हाचें चुकलेलें पाणी मागाहून दिलें तरी तें नुकसान भरून येत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. कारागिरानें बेअरिंग बदललें. पण तें वारंवार कां जातें, हें कोणींच पाहिलें नव्हतें.

हादरा कां वाढतो

झोपाळ्यावर बसलेल्या मुलास आपण झोका देतों तेव्हां जोर फारसा लागत नाहीं. झोपाळा परत येईल त्या क्षणीं बोटानें ढकललें तरी तो चढत जातो. अवेळीं ढकललें तर तोच जोर वायां जातो. याचें कारण असें कीं प्रत्येक लवचिक वस्तूस स्वतःची एक कंपसंख्या असते. तंबोऱ्याची तार, झोपाळा, विहिरीवरील गर्डर, हीं सर्व धक्का बसल्यावर आपापल्या ठराविक गतीनेंच हलतात. बाहेरून येणारे धक्के त्याच गतीनें येऊं लागले कीं लहानसा जोरहि साचत जाऊन मोठा हादरा उत्पन्न होतो. यास अनुनाद म्हणतात.

चार ध्रुवांची मोटार पूर्ण भारावर मिनिटास सुमारें १,४४० फेरे करते, म्हणजे सेकंदास २४. पंख्यांत कोठें काडीकचरा अडकलेला असला किंवा त्याची एक कड झिजलेली असली, म्हणजे सेकंदास २४ वेळां गर्डरला वरखालीं धक्का बसतो. समजा, ७० मि. मी. त्रिज्येवर केवळ २० ग्रॅम वजन एका बाजूस अधिक आहे. तेवढ्यानें उत्पन्न होणारा जोर ३२ न्यूटन, म्हणजे सव्वातीन किलोंच्या आसपास भरतो. ताठ पायावर एवढ्या जोराचें कांहींच चालत नाहीं. परंतु वरील विहिरीवरील गर्डरांचा हिशेब केला तेव्हां टोकें नुसतीं टेकलेलीं धरल्यास त्यांची कंपसंख्या मिनिटास सुमारें १,२९० आली. आणि टोकें बांधकामांत कांहीं अंशीं रुतलेलीं असल्यामुळें ती आणखी वर सरकून नेमकी मोटारीच्या वेगाजवळ येऊन बसली होती. यंत्र चांगलें व गर्डरहि चांगला, पण दोहोंचा सूर एक लागला, आणि त्यांतून हा सर्व उपद्रव झाला.

हें ताडून पाहण्यास फार साधनें लागत नाहींत. पंप बंद असतां गर्डरवर लांकडी हातोड्याचा एक ठोका द्यावा व तो सेकंदास किती वेळां कांपतो तें मोजावें. हल्लींच्या मोबाईलमध्यें कंप मोजणारा भाग असतो, व त्याचा आलेख दाखविणारीं ॲप मिळतात. मोबाईल गर्डरला घट्ट बांधून ठोका दिल्यास २४ च्या आसपासची कंपसंख्या सहज वाचतां येते. दुसरी खूण अशी कीं चालू पंपाचा प्रवाह तोडल्यावर वेग थोडासा उतरतांच हादरा एकदम नाहींसा झाला, तर तो अनुनादाचा समजावा.

आधीं काय करावें

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कंपशोषक हें प्रत्येक दुखण्यावरील औषध नव्हे. प्रथम पायांचे बोल्ट आवळावे, पंखा उघडून साफ करावा, झिजला असल्यास बदलावा, फूटव्हॉल्व तुंबला आहे काय तें पाहावें, आणि नळाचें ओझें पंपाच्या तोंडावर येत नाहीं याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर शक्य असेल तर गर्डरच्या मध्याखालीं टेकू द्यावा किंवा जाड गर्डर घालावा. कारण ताठपणा वाढला कीं कंपसंख्या मोटारीच्या वेगापासून दूर जाते व प्रश्नच मिटतो. परंतु खोल विहिरींत टेकू कोठें द्यावयाचा? आणि भर हंगामांत पंप उतरवून गर्डर बदलणें म्हणजे पुन्हां पाणी बंद. अशा ठिकाणीं कंपशोषक कामास येतो.

कंपशोषक म्हणजे काय

ही युक्ति जुनी आहे. हेर्मान फ्राम या जर्मन अभियंत्यानें १९०९ सालीं तिच्या अमेरिकन पेटंटासाठीं अर्ज केला व १९११ सालीं तें त्यास मिळालें. पुढें १९२८ सालीं ऑर्मंड्रॉइड व डेन हार्टोग या दोघांनीं तिचें गणित पूर्णपणें मांडलें. आमच्या वाचकांनीं तिचें एक भावंड रोज पाहिलेलें असेल. शेतांवरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या तारांवर, मनोऱ्याच्या जवळ, आंखूड दोरीस दोन्ही टोकांना वजनें लावल्यासारखीं लहान डंबेलें लोंबत असतात. वाऱ्यानें तारा कांपून तुटूं नयेत म्हणून तीं लाविलेलीं असतात, आणि जॉर्ज स्टॉकब्रिज या अमेरिकन अभियंत्यानें तीं १९२० नंतरच्या दशकांत योजिलीं. तैपेई शहरांतील ५०८ मीटर उंचीच्या इमारतींत, वाऱ्यानें ती डोलूं नये म्हणून, ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलेला आहे, तत्त्व एकच.

तें तत्त्व असें. हादरणाऱ्या यंत्रास एका लवचिक पट्टीच्या टोकाशीं एक लहान वजन जोडावयाचें, आणि पट्टी व वजन यांची कंपसंख्या यंत्राच्या फेऱ्यांइतकी जुळवावयाची. मग पंख्याचा असमतोल जोर ज्या क्षणीं गर्डरला वर ढकलतो, त्याच क्षणीं ती पट्टी त्यास तेवढ्याच जोरानें खालीं ओढते. आणि तो खालीं ढकलतो तेव्हां ती वर ओढते. एका जुवाला दोन बाजूंनीं सारखें ओढलें तर तें जागचें हलत नाहीं, तसा गर्डर बहुतांशीं स्वस्थ राहतो व वजन मात्र हलत राहतें. म्हणून ‘शोषक’ हें नांव थोडें फसवें आहे. तो हादरा गिळीत नाहीं, तर त्याच्या उलट जोर उभा करतो. त्याचें काम नीट चाललें आहे कीं नाहीं याची खूणहि यांतच आहे: गर्डर स्थिर आणि वजन हलतें, तर जुळणी बरोबर, गर्डर हलतो व वजन स्वस्थ, तर जुळणी चुकली.

माप कसें काढावें

यांत मुख्य प्रश्न दोन: वजन किती घ्यावें, आणि पट्टी केवढी घ्यावी.

वजन हादरणाऱ्या भाराच्या विसाव्या ते पांचव्या हिश्शापर्यंत घेतात. वरील उदाहरणांत पंपसंच ६५ किलोंचा, आणि दोन्ही गर्डरांचें मिळून वजन ६९ किलो. गर्डरांचीं टोकें हलत नसल्यामुळें त्यांचें सुमारें निम्मेंच वजन हिशेबांत येतें. म्हणजे एकंदर भार १०० किलो झाला. त्याचा दहावा हिस्सा १० किलो. तो दोन बाजूंस ५-५ किलो असा विभागला, म्हणजे पट्टी दोन्हीकडे सारखी तोलली जाते.

पट्टी ठरविण्यास एक सोपा नियम आहे. टोकाशीं वजन ठेविल्यानें पट्टी जितकी वांकते त्या वांकीवरून तिची कंपसंख्या कळते. ९४६ ला यंत्राच्या मिनिटाच्या फेऱ्यांनीं भागावें, आणि आलेल्या आंकड्याचा वर्ग करावा, तितके मि. मी. ती पट्टी वांकली पाहिजे. १,४४० फेऱ्यांस हा आंकडा ०.४३ मि. मी. येतो. ९६० फेऱ्यांच्या मोटारीस ०.९७, २,८८० फेऱ्यांच्या मोटारीस ०.११, आणि ६५० फेऱ्यांच्या जुन्या धाटणीच्या तेल-इंजिनास २.१२ मि. मी. येतो. वेग जितका अधिक तितकी पट्टी ताठ हवी, हें यावरून दिसेल.

आतां बाजारांत सहज मिळणारी ५० मि. मी. रुंद व १० मि. मी. जाड लोखंडी पट्टी घेऊं. तिच्या छेदाचा जाडीच्या दिशेनें जडत्वांक काढण्यास रुंदीला जाडीच्या घनानें गुणून १२ नीं भागावें. तो ४,१६७ येतो. पोलादाचा स्थितिस्थापकत्वाचा अंक चौरस मि. मी. स सुमारें २०,४०० किलो. एका टोकास पक्की धरलेल्या पट्टीची वांक काढावयाची तर टोकाच्या वजनास लांबीच्या घनानें गुणून, वरील दोन अंकांच्या गुणाकाराच्या तिपटीनें भागावें. लांबी २८० मि. मी. धरली तर

५ × २,१९,५२,००० ÷ (३ × २०,४०० × ४,१६७) = ०.४३ मि. मी.

म्हणजे २८० मि. मी. ही लांबी बरोबर बसली. आतां पट्टीलाहि स्वतःचें वजन आहे. एका बाजूच्या २८० मि. मी. पट्टीचें वजन १.१ किलो भरतें, व त्याचा सुमारें पाव हिस्सा टोकाशीं असल्यासारखा मोजावा लागतो. म्हणून टोकास ५ ऐवजीं ४.७५ किलोच लावावे. १०० मि. मी. व्यासाच्या गोल पोलादी सळईचा ७७ मि. मी. लांबीचा तुकडा एवढ्या वजनाचा होतो.

पट्टी टिकेल कीं नाहीं हेंहि पाहिलें पाहिजे. सेकंदास २४ म्हणजे तासास ८६,४०० वेळां ती वांकते. रोज सहा तास पंप चालला तर वीस दिवसांत एक कोटीवर वांकणीं होतात. वर धरलेल्या ३२ न्यूटन जोरास तोंड देतांना वजनें आपल्या जागेपासून दोन्हीकडे सुमारें ०.१४ मि. मी. हलतील, व त्यानें पट्टीच्या मुळाशीं येणारा ताण चौरस मि. मी. स ५-६ न्यूटनच भरतो. वजनाच्या स्थिर भाराचा ताण धरूनहि एकूण २५ च्या आंतच राहतो. साध्या पोलादास हा कांहींच जड नाहीं.

बनावट

७६० मि. मी. लांबीची एकच पट्टी घ्यावी. तिच्या मध्याचा १०० मि. मी. भाग दोन जाड प्लेटींमध्यें चार बोल्टांनीं चिमटून, तो चिमटा पंपाच्या बरोबर खालीं, गर्डरांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडास घट्ट बसवावा. कारण हादरा मध्याशींच सर्वांत मोठा असतो. हादरा वरखालीं असल्यामुळें पट्टी आडवी, सपाट राहिली पाहिजे. मुळाशीं वेल्डिंग करूं नये. वेल्डिंगच्या कडेलाच पुढें तडा जातो. दोन्ही टोकांकडे ६० मि. मी. लांबीची खांच पाडावी, म्हणजे वजनें मागेंपुढें सरकवितां येतील. प्रत्येक वजन दोन चकत्यांत कापून एक पट्टीच्या वर व एक खालीं लावावी. चकती व पट्टी यांमध्यें लहान वॉशर घालण्यास विसरूं नये. नाहीं तर रुंद चकतीच पट्टीस ताठ करते व सर्व हिशेब चुकतो. प्रत्येक बोल्टास दुहेरी नट असावा, आणि वजनास सुरक्षेची सांखळी बांधून ती गर्डरला अडकवावी. विहिरींत उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर पांच किलोंचें लोखंड लोंबत आहे, हें क्षणभरहि विसरून चालणार नाहीं.

जुळवणी

चिमटा कितीहि आवळला तरी तो थोडासा लवतोच. त्यामुळें खरी कंपसंख्या हिशेबापेक्षां कांहीं कमी निघते. म्हणून वजनें प्रथम २९० मि. मी. वर ठेवावीं व तेथून दोन्हीं बाजूंनीं सारखीं आंत आणावीं. ५ मि. मी. सरकविल्यास मिनिटास सुमारें ४० कंपांचा फरक पडतो. यावरून पाऊल किती लहान टाकावें हें समजेल. प्रत्येक वेळीं मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावा, वजन सरकवावें, नट आवळावे, खूण करावी व मगच पंप सुरू करावा. चालू यंत्राशीं वजनाला हात लावूं नये. गर्डरवर पाण्यानें भरलेली वाटी ठेविली कीं सुधारणा डोळ्यांनीं दिसते. आमच्या सभासदाकडे पहिल्या खेपेस वाटींतील पाणी उडून जात होतें. पांचव्या खेपेस, वजनें २७० मि. मी. वर आलीं असतां, पाण्यावर बारीक लहरी तेवढ्या राहिल्या. त्यानंतरच्या पाळ्या त्यांनीं विनाखंड दिल्या.

मर्यादा

हा उपाय एकाच वेगासाठीं आहे, हें नीट लक्षांत घ्यावें. कंपशोषक लाविल्यानें जुनी एक कंपसंख्या जाते, पण तिच्या दोन्ही बाजूंस दोन नव्या उत्पन्न होतात. दहाव्या हिश्शाचें वजन लाविलें असतां त्या मिनिटास सुमारें १,२३० व १,६८५ या ठिकाणीं येतात. विसाव्या हिश्शाचें लाविलें तर १,२९० व १,६१० या ठिकाणीं, म्हणजे अधिक जवळ. म्हणून वजनांत फार काटकसर करूं नये. पंप सुरू होतांना व बंद होतांना वेग १,२३० मधून जातो आणि त्या वेळीं क्षणभर थरथर होते. तिनें घाबरण्याचें कारण नाहीं. विजेचा दाब फार उतरला तर मोटारीचे फेरे थोडे घटतात व कंप किंचित् वाढतो. तो चालण्याजोगा असतो.

तेल-इंजिनाची गोष्ट निराळी. भाराप्रमाणें त्याचा वेग वरखालीं होतो, आणि साधा कंपशोषक लाविल्यास तें नेमकें त्या दोन नव्या जागांपैकीं एकीवर जाऊन बसण्याचा संभव असतो. तेथें पट्टीसोबत रबरासारखा कंप मुरविणारा पदार्थ घालावा लागतो, व जुळवणी यंत्राच्या वेगाशीं न करतां मूळ कंपसंख्येच्या थोडी खालीं करावी लागते. दहाव्या हिश्शाच्या वजनास ती सुमारें ९१ टक्क्यांवर ठेवितात. त्यानें कंप पूर्ण थांबत नाहीं. पण कोणत्याहि वेगास, तोच जोर स्थिरपणें लाविला असतां जेवढी वांक आली असती, तिच्या साडेचार पटींच्या आसपासच तो राहतो. कांहीं न लाविल्यास हीच पट वीस-पंचवीसपर्यंत सहज जाते. हें काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावें.

निगा

विहिरीची हवा दमट, आणि पट्टीचा शत्रु गंज. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असल्यामुळें १० मि. मी. ची पट्टी गंजून ९.५ झाली तरी कंपसंख्या सात टक्क्यांहून अधिक उतरते. १,४४० ची १,३३३ होते, आणि बसविलेला उपाय निरुपयोगी ठरतो. म्हणून पट्टीस रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग द्यावा, दर हंगामाच्या आरंभीं नट आवळावे, व मुळाशीं बारीक तडा दिसतो काय तें पाहावें. पंप बदलला, मोटार बदलली किंवा नळ वाढविला, तर जुळवणी पुन्हां करावी.

सारांश, हादरा हा यंत्राचा स्वभाव समजून सोसण्याची गरज नाहीं. त्याला संख्या असते, आणि ज्याला संख्या असते त्याचा हिशेब करतां येतो. एक पट्टी, दहा किलो लोखंड व गांवच्या लोहाराचें एका दिवसाचें काम, एवढ्यावर ऐन हंगामांत तुटणारें पाणी वांचत असेल, तर हा हिशेब मांडून पाहण्यास कोणाचीच हरकत नसावी. ज्या वाचकांच्या पंपास हा विकार आहे त्यांनीं मोटारीचे फेरे, पंपाचें वजन व गर्डरांचीं मापें आम्हांस कळवावीं. पट्टीचें माप काढून देण्यास आम्ही तयार आहों. आणि प्रयोग फसला तरी तेंहि कळवावें, कारण एकाची चूक कळली तर दुसऱ्याची पाळी चुकत नाहीं.